देपालपूरहून इंदूरला: खोली कुठे घ्यावी?

देपालपूर ते इंदूर अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. तरी रोज जाऊन-येऊन नोकरी केली, तर दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यातच जातात. म्हणून पहिली नोकरी लागली की खोलीचा प्रश्न येतोच. तो भाड्यापासून नव्हे, कचेरीच्या पत्त्यापासून सोडवावा.

टीसीएस, इन्फोसिसची संकुले सुपर कॉरिडॉरवर, शहराच्या वायव्येला, म्हणजे देपालपूरच्याच बाजूला आहेत. तिथे काम असेल तर गांधीनगर, एरोड्रम रोडकडचा भाग सोयीचा. शनिवारी घरी जाणेही सोपे. मेट्रोचा पहिला सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा 31 मे 2025 रोजी याच भागात सुरू झाला. क्रिस्टल आयटी पार्कमध्ये नोकरी असेल तर भंवरकुआँ परिसर पाहावा. विद्यार्थ्यांमुळे तिथे मेस आणि पेइंग गेस्टच्या खोल्या भरपूर. विजयनगर झगमगीत आहे, पण भाडे चढे. मराठी शेजार हवा असेल तर रामबाग, लोकमान्यनगर आहेतच.

खोली पाहताना पहिला प्रश्न पाण्याचा: नर्मदेचे कनेक्शन आहे की नुसती बोअरिंग? इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात आणि ते बहुतेक भागांत एक दिवसाआड येते. टाकी लहान असेल तर उन्हाळ्यात टँकरचा खर्च तुमच्याच माथी.

अकरा महिन्यांचा लेखी करार करा, डिपॉझिटची पावती घ्या आणि घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याची खात्री करा. ऐन कचेरीच्या वेळी एकदा खोली ते कचेरी हा रस्ता तुडवून पाहा. मगच आगाऊ रक्कम द्या.