कानात बोळे घालावेत, पण केव्हा?

गणपती, सोयाबीनची मळणी, दिवाळी आणि पाठोपाठ लग्नसराई असे महिने सुरू झाले की, माझ्या दवाखान्यात कानात कापूस कोंबलेले रुग्ण दिसू लागतात. कान दुखत नसतो, वाहत नसतो. तक्रार एकच असते, "डॉक्टरसाहेब, आवाज सहन होत नाही." सोबत आलेला नातेवाईक बहुधा हसतो आणि म्हणतो, "काही नाही जी, नाजूकपणा आहे." हा नाजूकपणा नव्हे. मात्र त्यावर जो तो आपल्या मनाने कानात बोळे घालून बसतो, हाही उपाय नव्हे. म्हणून आज या बोळ्यांविषयी, म्हणजे इअरप्लगविषयी थोडे लिहितो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, आवाज सहन न होणे दोन प्रकारचे असते. काही आवाज कुणालाही सहन होऊ नयेत असेच असतात. आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो व त्यात ध्वनी टिपणाऱ्या हजारो सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात, आणि डीजेसमोर नाचणारा तरुण तर तेथे तासन् तास असतो! मोजायचे यंत्र जवळ नसेल तर सोपी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजावा.

अशा ठिकाणी बोळे अवश्य घालावेत. थ्रेशर, ज्याला आपल्याकडे हडंबा म्हणतात, त्यावर काम करणारे मजूर, दालमिलमधील कामगार, बँडवाले, मिरवणुकीतील कार्यकर्ते या सर्वांना त्यांची गरज आहे. कापसाचा मात्र फारसा उपयोग होत नाही. त्यातून आवाज सहज आत जातो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे स्वस्तात मिळतात. हात स्वच्छ धुऊन बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. तो आत फुगून बसतो. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला की बरोबर बसला असे समजावे. मळका बोळा फेकून द्यावा. पावसाळ्यात त्यामुळे कानात बुरशी होते. कान वाहत असल्यास बोळे मुळीच घालू नयेत. दुचाकी चालवताना ते काढून ठेवावेत. लहान मुलांना बोळे देऊ नयेत, ती गिळतात. मुलाला डीजेपासून दूर नेणे हेच उत्तम.

आता दुसरा प्रकार. यात इतरांना साधे वाटणारे आवाजच रुग्णाला टोचतात. वैद्यकशास्त्रात याला हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात. मंगरुळपीर तालुक्यातील एक चाळिशीच्या ताई माझ्याकडे आल्या होत्या. नात्यातल्या वरातीनंतर त्यांचे कान दोन दिवस गुणगुणत राहिले. तेव्हापासून, त्यांच्याच शब्दांत, "कुकरची शिट्टी झाली का डोक्यात खिळा ठोकल्यावानी होते." त्यांनी फोमचे बोळे आणले. आधी स्वयंपाकापुरते, मग दिवसभर, शेवटी झोपेतही. आणि आराम पडण्याऐवजी त्रास वाढतच गेला. ताटवाटीचा आवाजही सोसेना. हळदीकुंकू, कीर्तन, माहेर सारे सुटले. जेवणही एकट्याने आतल्या खोलीत. घरचे म्हणत, नखरे आहेत.

असे का व्हावे? अंधाऱ्या खोलीत तासभर बसून एकदम उन्हात आले की डोळे दिपतात. ऊन तेच असते, डोळ्यांना अंधाराची सवय झालेली असते. कानाचेही तसेच आहे. कानाकडून मेंदूकडे आवाज कमी येऊ लागला, की मेंदू आपल्याकडचे बटण वाढवतो. मग बोळा काढल्यावर साधा आवाजही मोठा वाटतो. माणूस घाबरून पुन्हा बोळा घालतो, आणि मेंदू बटण आणखी वाढवतो. २००३ साली अमेरिकेत क्रेग फॉर्मबी व सहकाऱ्यांनी निरोगी कानांच्या माणसांवर हे पडताळून पाहिले. दोन आठवडे बोळे वापरल्यावर त्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. उलट, तेवढेच दिवस कानाशी मंद आवाज चालू ठेवल्यावर सहनशक्ती वाढली.

या ताईंचे कान तपासले. मळ नव्हता, पडदा ठीक होता. श्रवणचाचणीसाठी त्यांना अकोल्याला पाठवले. ती समाधानकारक आली. मात्र त्यांना जुनी अर्धशिशी होती आणि झोप उडालेली होती. दोन्हींवर औषध सुरू केले. बोळे एकदम बंद केले नाहीत. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास बोळ्यांविना, तोही पंख्याच्या किंवा रेडिओच्या मंद आवाजात. मग दर आठवड्याला थोडी वाढ. घरच्यांना समोर बसवून सांगितले की, हिला हसू नका आणि घर स्मशानासारखे शांतही ठेवू नका. सहा महिन्यांनी त्या सर्वांच्या पंगतीत जेवू लागल्या. बोळे आजही त्यांच्या पर्समध्ये असतात, पण वरातीपुरतेच.

हा त्रास इतरही कारणांनी होतो. एका बाजूचे तोंड वाकडे होते तेव्हा मोठा आवाज आवरून धरणारा कानातला छोटा स्नायूही कधी कधी लुळा पडतो. डोक्याला मार लागल्यावर किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्यावरही आवाज सोसत नाहीत. स्वमग्न मुलांना हा त्रास पुष्कळदा असतो. वृद्धांची तर वेगळीच अडचण. हळू बोलले तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोलले तर "ओरडतोस कशाला?" म्हणतात. ती खोड नव्हे, अंतःकर्णाच्या बहिरेपणाचेच ते लक्षण असते. म्हणून आवाज टोचत असल्यास आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एकाच कानाला अचानक कमी ऐकू येऊ लागले किंवा सोबत चक्कर आली, तर त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक. कानात बोळे घालण्याची पाळी आणणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ठरावीक सणांचे मोजके दिवस तेवढे शासन सूट देऊ शकते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळण्याचे आदेश दिले. तक्रार ११२ क्रमांकावर करता येते.

तेव्हा वाचकहो, बोळा हा छत्रीसारखा आहे. पाऊस असेल तेव्हा उघडावी, घरात उघडून बसू नये. आणि आपल्या घरात कुणी आवाजाने दचकत, कान झाकत असेल, तर हसण्याआधी रेडिओ थोडा लहान करावा, भांडे हळू ठेवावे. यात फार काही खर्च होत नाही.