विक्रांत सरंजामे असा निघालाच कसा?

20 जुलै 2019 च्या शनिवारी झी मराठीवरची ‘तुला पाहते रे’ संपली. सुरू झाली होती 13 ऑगस्ट 2018 ला, म्हणजे वर्षही भरलं नव्हतं. एरवी वर्षाच्या आत मालिकेला नारळ मिळतो तो ती चालली नाही म्हणून. ही चांगली चालली होती. तरी शेवट जवळ आला तेव्हा तिच्यावर जीव टाकणारे प्रेक्षकच तिच्यावर रुसले होते आणि त्यांचं म्हणणं एकच होतं: आमचा विक्रांत असा नव्हता!

पहिले काही महिने ही सरळ प्रेमकथा होती. चाळिशी ओलांडलेला उद्योगपती विक्रांत सरंजामे (सुबोध भावे) आणि साध्या घरातली, विशीतली इशा निमकर (गायत्री दातार). दोघांच्या वयांत वीस वर्षांचं अंतर. त्यावरून सुरुवातीला भरपूर नाकं मुरडली गेली. बापाच्या वयाचा माणूस, आठ-साडेआठला घरातली पोरं समोर बसलेली असताना हे काय दाखवता, वगैरे. मग हळूहळू लोक विरघळले. विक्रांतचा सभ्यपणा, इशाचा बावळटपणाकडे झुकणारा साधेपणा, दोघांचं अवघडलेलं बोलणं, याची सवय लागली. 2019 च्या जानेवारीत त्यांचं लग्न थाटामाटात लागलं, तेव्हा आक्षेप घेणारे एकतर गप्प झाले होते, नाहीतर अक्षता टाकायला आले होते.

आणि मग राजनंदिनी (शिल्पा तुळसकर) आली. विक्रांत हा मुळात गजा पाटील, इस्टेटीवर डोळा ठेवून सरंजाम्यांच्या घरात शिरलेला जावई, पहिल्या बायकोच्या मरणाला कारण झालेला. इशा म्हणजे तीच राजनंदिनी, पुन्हा जन्म घेऊन आलेली. प्रेमकथा म्हणून सुरू झालेली गोष्ट सूडकथा म्हणून संपली.

पुनर्जन्मावर विनोद झाले, ते व्हायचेच होते. पण राग त्याचा नव्हता. आपल्या प्रेक्षकाला पुनर्जन्माचं वावडं नाही, ‘मधुमती’पासून तो पचवत आलाय. झालं असं, की सुरुवातीला ज्यांनी नाक मुरडलं होतं त्यांचं खरं ठरलं. ज्यांनी मन मोठं करून, घरातल्यांशी वाद घालून ते नातं स्वीकारलं, ते मूर्ख ठरले. शेवटाने शिक्षा केली ती विक्रांतला कमी आणि या दुसऱ्या गटाला जास्त. लेखनाचा डाव म्हणून मला तो फार वाईट वाटत नाही. इतका निर्दोष, इतका श्रीमंत माणूस दिसला की शंका यायलाच हवी होती. पण रहस्यकथा वाचणारा फसवून घ्यायला तयार होऊनच बसतो. रोज रात्री ताट वाढून घेऊन टीव्हीसमोर बसणाऱ्यांना असा काही करार आपण केलाय हे ठाऊकच नव्हतं.

आता नेहमीची मालिका कशी संपते ते पाहा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात आणि कुठला ट्रॅक ताणायचा, कुठला आवरायचा हे त्यावरून ठरतं. शेवट कथेतून येत नाही, वाहिनीला ती वेळ दुसऱ्या मालिकेसाठी हवी झाली की येतो. नव्या मालिकेचे प्रोमो दिसू लागले की जुनीचे दिवस भरलेत हे प्रेक्षकही ओळखतो. मग दोन आठवड्यांत खलनायिकेला पश्चात्ताप होतो, हरवलेली कागदपत्रं सापडतात आणि सगळं घर एका रांगेत उभं राहून हात जोडतं. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं गरोदरपण इतकं लांबलं होतं की त्यावरच्या विनोदांवर अख्खा महाराष्ट्र जगला. 2016 च्या जानेवारीत ती मालिका संपली, तेव्हा ‘सुटली एकदाची’ हे उद्गार दोन्ही अर्थांनी निघाले. अशा शेवटावर कुणी फार चिडत नाही. मालिका गुंडाळली म्हणतात आणि दुसरी लावतात.

म्हणजे घाईत गुंडाळलेला शेवट चालतो आणि ‘तुला पाहते रे’सारखा आधीपासून ठरवलेला खुपतो? ऐकायला उफराटं वाटतं, पण याचा सगळ्यात गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. ‘हाऊ आय मेट युअर मदर’ ही विनोदी प्रेममालिका सीबीएसवर 2005 पासून नऊ सीझन चालली. 2030 साली टेड आपल्या दोन मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगतोय, एवढाच तिचा सांगाडा. मुलांचं काम करणारी नटमंडळी मोठी होणार, म्हणून शेवटच्या प्रसंगातला त्यांचा भाग 2006 च्या सुमारासच चित्रित करून ठेवला होता. त्यात मुलं बापाला म्हणतात की ही गोष्ट आईची नाहीच, तुला रॉबिन आवडते, जा तिच्याकडे.

त्यानंतर मालिका आठेक वर्षं वाढत राहिली. टेडने रॉबिनचा नाद सोडायला अनेक भाग घेतले. रॉबिन आणि टेडचा मित्र बार्नी यांची जोडी लोकांना आवडू लागली. शेवटचा जवळजवळ सगळा सीझन त्यांच्या लग्नाच्या एका वीकएंडवर खर्च झाला. आई झालेली ट्रेसी (क्रिस्टिन मिलिओटी) उशिरा आली आणि थोडक्या प्रसंगांत सगळ्यांची लाडकी झाली. 31 मार्च 2014 ला शेवटचे दोन भाग एकत्र दाखवले. त्यात रॉबिन-बार्नीचा घटस्फोट काही मिनिटांत उरकला, ट्रेसी आजारी पडून गेली आणि टेड-ट्रेसीच्या पहिल्या भेटीतल्या पिवळ्या छत्रीच्या प्रसंगानंतर लगेच टेड पहिल्या भागातला निळा फ्रेंच हॉर्न घेऊन रॉबिनच्या खिडकीखाली हजर. हा भाग सुमारे 1 कोटी 30 लाख लोकांनी पाहिला, मालिकेच्या इतिहासात सर्वाधिक. त्यातले कितीतरी आजही शिव्या घालतात. त्याच वर्षी डीव्हीडीबरोबर दुसरा शेवट द्यावा लागला. त्यात ट्रेसी जगते आणि गोष्ट छत्रीखाली, रेल्वे फलाटावर थांबते.

दोन्ही मालिकांचे शेवट कागदावर नीट बसतात. 2006 चा शेवट 2006 च्या पात्रांना शोभला असता. पण मधल्या वर्षांत पात्रं बदलली आणि ती बदलण्यात पाहणाऱ्यांचाही हात होता, कारण त्यांना जे भावलं ते लेखकांनी वाढवत नेलं. ‘तुला पाहते रे’तही तेच. विक्रांतला सज्जन म्हणून इतकं ठसवलं, लोकांनी तो इतका उचलला, की खलनायक व्हायला त्याच्यात जागाच उरली नाही. एकट्या सुबोध भावेंच्या अभिनयाने ते झालं नसतं; मालिकेचं संगीत, प्रकाश, प्रत्येक प्रोमो त्याच कामाला लागला होता. उलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये वर्षाच्या आत आटोपली, तिच्याबद्दल लोक आजही हळहळतात ते लवकर संपली म्हणून. तिथे लेखकाचे राधा-घनश्याम आणि प्रेक्षकांचे राधा-घना वेगळे पडायला वेळच मिळाला नाही.

‘तुला पाहते रे’ची गोष्ट पुढे कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’, तेलुगूत ‘प्रेम एंथ मधुरम’ म्हणून गेली आणि मूळ मालिकेपेक्षा कितीतरी जास्त चालली. 2025 च्या जुलैपासून झी टीव्हीवर ‘तुम से तुम तक’ सुरू झाली, विक्रांतच्या जागी शरद केळकर. हिंदीत पाहणाऱ्या मराठी बायका पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला सांगून मोकळ्या झाल्या असतील, याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा साडेआठला टीव्ही लावला असेल.