बाई राबतेच, मग शाळा कशाला?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीत दुपारी डोकावलं की उंबऱ्याशी सूप घेऊन विडी वळणारी बाई दिसतेच. साच्याच्या मापाने पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा; मजुरी हजारामागे. बायका कमावत नाहीत म्हणून प्रगती अडली, हे पुस्तकी वाक्य या शहराला लागूच पडत नाही. इथे बायका पिढ्यान्‌पिढ्या कमावतात. त्यातूनच पहिला गैरसमज निघतो: हाताला काम आहे, तर पोरीनं शिकून करायचं काय?

पण विडीच्या कामाला वरची पायरी नाही. वीस वर्षांत बोटं चपळ होतात, हजाराचा दर मात्र नवशिकीला मिळतो तोच. शिक्षणाचं तसं नाही. जगभरच्या अभ्यासांत शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसते, आणि हा लाभ पुरुषांपेक्षा बायकांना थोडा जास्त मिळतो. मुली बारावीपर्यंत शिकत नाहीत म्हणून जगाचं 15 ते 30 लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं, असा हिशेब जागतिक बँकेने 2018 मध्ये मांडला.

अर्थतज्ज्ञांचीही एकदा फसगत झाली होती. 1994 मध्ये बॅरो आणि ली यांच्या आकडेमोडीत बायकांचं शिक्षण आणि आर्थिक वाढ यांचं नातं चक्क उलटं दिसलं! पुढे स्टीफन क्लासेन आदींनी तपासलं तेव्हा चित्र पालटलं: शिक्षणातली दरी जितकी मोठी, तितकी वाढ मंद. कारण साधं आहे. निम्म्या हुशार डोक्यांना बाहेर ठेवून निवड केली, तर हाती येतात ती माणसं सरासरीने कमीच पडणार.

दुसरा गैरसमज शिकलेल्या घरांत जास्त: ‘आता कुठली दरी? कॉलेजात मुलीच पुढे!’ आकडा खरा आहे. 2020-21 मध्ये देशात उच्च शिक्षणातलं मुलींचं पटनोंदणीचं प्रमाण 27.9 टक्के होतं, मुलांचं 26.7. पण वाटेत गळालेल्या मुली या हिशेबात कुठे दिसतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के निघाल्या. सोलापूर जिल्ह्यात, सुमारे 40.

हे बदलतं का? माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले 2009 मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा जिल्हा परिषदेची शाळा गोठ्याला लागून होती. मुलींची हजेरी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, गावातले बालविवाह थांबले, अशी दखल त्यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार देताना घेतली गेली.

डिग्री मिळाली की बाकीचं आपोआप होतं, हाही भ्रमच. 2023-24 मध्ये देशाच्या शहरांत पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी 28 जणीच काम करत किंवा शोधत होत्या. खेड्यात जवळपास 48. पाळणाघर नाही, रात्री परतायला भरवशाची बस नाही, मग पदवी कपाटात राहते.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. पण तिथवर पोहोचायला मुलगी बारावीपर्यंत शाळेत टिकली पाहिजे. शेजारी एखादीचं लग्न अठराच्या आत ठरत असल्याचं कानावर आलं, तर 1098 या बाल मदतवाहिनीला फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो.