लिव्हरपूलच्या चौघीजणी

लग्नाआधी हौसेनं शिकलेली पेटी सासरी आल्यावर माळ्यावर गेली, अशी एखादी तरी बाई आपल्या ओळखीत असतेच. इंग्लंडातल्या या चौघींची हकिगत तिनं जरूर वाचावी.

१९६२ सालची गोष्ट. लिव्हरपूल बंदरात कॅव्हर्न क्लबात बीटल्सची चार पोरं धमाल उडवत होती. त्यांना ऐकून मेरी मॅकग्लोरी या मुलीनं ठरवलं, आपणही असंच वाजवायचं. खरं तर तिला व्हायचं होतं नन! मेरीनं बेस गिटार धरली, सिल्विया साँडर्स ड्रम्सवर बसली, व्हॅलरी गेल आणि मागाहून आलेली पॅमेला बर्च गिटार वाजवू लागल्या. नाव ठेवलं लिव्हरबर्ड्स. लिव्हर बर्ड हा त्या शहराचा मानाचा पक्षी.

मुली गात असत, त्यात नवल नव्हतं. पण वाद्यंही स्वतःच वाजवायची म्हणजे अतीच झालं! मेरी सांगते, की खुद्द जॉन लेननही म्हणाला होता, मुली कुठं गिटार वाजवतात? चौघी रागावल्या नाहीत. वाजवूनच दाखवू, म्हणाल्या.

आणि दाखवलं हो! १९६४ साली त्या जर्मनीत हँबुर्गच्या स्टार क्लबात गेल्या. आईबापांपासून दूर, परका मुलूख, भाषा येत नाही. पण लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दोन एलपी निघाल्या, ‘डिडली डॅडी’ हे गाणं जर्मनीत चांगलंच गाजलं.

मग संसार आडवा आला. सिल्वियाचं लग्न झालं, दिवस गेले. ड्रम्स वाजवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. व्हॅलरीचं तर ऐकूनच पोटात कालवतं. तिला भेटायला निघालेल्या तिच्या मित्राला मोटार अपघात झाला आणि तो कायमचा अपंग झाला. व्हॅलरीनं वाद्यवृंद सोडला, त्याच्याशीच लग्न केलं आणि तब्बल २६ वर्षं त्याची सेवा केली. उरलेल्या दोघी बदली मुली घेऊन १९६८ साली जपानला जाऊन आल्या. पण पहिली गंमत राहिली नव्हती. तिथून परतल्यावर लिव्हरबर्ड्स मोडली.

व्हॅलरी चुकली का? तिच्या जागी आपण असतो तर? उत्तर सोपं नाही. पण एक खटकतं. त्यांच्याच गावच्या पोरांनीही लग्नं केली, त्यांनाही मुलंबाळं झाली. त्यांची गिटार मात्र माळ्यावर गेली नाही.

पॅमेला २००९ मध्ये गेली, व्हॅलरी २०१६ मध्ये. २०१९ साली लिव्हरपूलच्या रॉयल कोर्ट थिएटरात चौघींवर संगीत नाटक आलं. त्याचं नाव लेननच्या त्या टोमण्यावरूनच ठेवलेलं! २०२४ साली मेरी आणि सिल्विया यांनी मिळून आठवणींचं पुस्तकही लिहिलं.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीची वाट कशाला बघायची? येत्या रविवारी माळा आवरायला काढा. पेटी खाली आली, की पुन्हा वर ठेवू नका.