ट्रक रेल्वेत बसतो तेव्हा

कोलाड स्थानकात सपाट वाघिणींची मालगाडी लागते आणि भरलेले ट्रक उतारावरून एकामागून एक तिच्यावर चढतात. चाकांना पाचरी लागतात, साखळ्या आवळल्या जातात. चालक आणि क्लीनर केबिनमध्येच थांबतात, इंजिन मात्र बंद. गाडी सुटते आणि कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट न चढताच मागे पडतात. गोव्यात वेर्ण्याला ट्रक खाली उतरतो आणि पुढच्या वाटेला लागतो. कोकण रेल्वेची ही रो-रो सेवा १९९९ पासून सुरू आहे.

रुळावर इंधन कमी लागते, त्याचे कारण साधे आहे. रबरी टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, फुलतो आणि त्यात शक्ती वाया जाते. पोलादी चाक रुळाला जेमतेम नाण्याएवढ्या जागेत टेकते. त्यातच कोकण रेल्वेचा चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त ठेवलेला नाही. त्यासाठी ९१ बोगदे खोदावे लागले. त्यातला करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटरचा. त्या कष्टांचे फळ आज प्रत्येक मालगाडीला मिळते. २०२२ पासून हा सारा मार्ग विजेवर चालतो. आज त्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे. उद्या ती सूर्याची किंवा वाऱ्याची झाली, तर तीच गाडी काही न बदलता स्वच्छ होईल.

आता पैशाचा हिशेब पाहू. कोळशाची एक मालगाडी साडेतीन हजार टनांहून अधिक माल नेते. तेवढ्यासाठी दीडशेच्या आसपास ट्रक लागतील. आसावरचा भार दुप्पट झाला, की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. हा खर्च वाहतुकीच्या बिलात दिसत नाही, तो आपण सारे करातून भरतो.

तरीही १९५१ च्या सुमारास ८० टक्क्यांहून अधिक असलेला रेल्वेचा मालवाहतुकीतला वाटा आता ३० टक्क्यांच्या आत आला आहे. प्रवासी गाडीला वाट द्यायची म्हणून मालगाडी बाजूच्या रुळावर ताटकळते. प्रवासी भाड्यातली तूट मालभाड्यातून भरून काढली जाते. शिवाय ट्रक थेट बांधापर्यंत येतो. रेल्वेने माल पाठवायचा तर मालधक्क्यावर पुन्हा भराई, पुन्हा हमाली, आणि नाशवंत मालाला उशीर परवडत नाही.

या अडचणी सुटू शकतात. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. तिच्यात शेतकऱ्याला थोडाही माल पाठवता येत होता, अख्खी गाडी भरण्याची अट नव्हती. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली. रूळ मोकळे व्हावेत म्हणून न्हावाशेवा ते दादरी असा सुमारे दीड हजार किलोमीटरचा स्वतंत्र मालवाहतूक मार्ग आखला गेला. त्याच्या रेवाडी-मदार टप्प्यावर जानेवारी २०२१ मध्ये दुमजली कंटेनरची दीड किलोमीटर लांबीची गाडी विजेवर धावली. २०३० पर्यंत रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे.

ते गाठायचे तर नुसते रूळ पुरणार नाहीत. तालुक्याच्या मालधक्क्यावर पक्का रस्ता, शीतगृह, भराईची यंत्रे आणि गाडीची ठरलेली वेळ हवी. लांबचा पल्ला रुळाने आणि शेवटचा टप्पा ट्रकने, अशी वाटणी झाली की दोघांनाही काम उरते. रो-रोच्या वाघिणीवर ते आजच दिसते. रात्रभर घाटात डोळे ताणून बसणारा चालक तिथे केबिनमध्ये निवांत झोपलेला असतो, आणि माल मात्र पुढे सरकत असतो.