सहाच टाके का?

गेल्या पावसाळ्यात पाय प्लास्टरमध्ये गेला आणि सहा आठवडे घरात बसायची वेळ आली. पुस्तकं वाचून झाली, मोबाइलचाही कंटाळा आला, तेव्हा आत्यानं क्रोशाची सुई आणि उरल्यासुरल्या लोकरीचा एक गुंडा माझ्या हातात ठेवला. साखळी घाल, मुका खांब हा बुटका टाका शीक आणि गोल रुमाल कर, एवढाच अभ्यासक्रम. चौथ्या दिवशी रुमाल झाला, पण तो टेबलावर बसेना. मधला भाग दाबला की कडा उठायच्या, कडा दाबल्या की मधला भाग फुगायचा.

आत्यानं लांबूनच निदान केलं. "झालर आली की रे! फेरीला किती टाके वाढवलेस?"

मी आठ वाढवले होते. आठ हा आकडा मला बरा वाटला होता, दुसरं काही कारण नव्हतं.

"सहा. मुक्या खांबाला सहाच. उंच खांब असला तर बारा."

का, असं विचारलं तर म्हणाली, "सहा बसतात म्हणून."

खरं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या दोन पाय पट, म्हणजे साधारण ६.२८ पट, परीघ वाढतो. क्रोशाची प्रत्येक फेरी रुमालाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीनं वाढवते. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणजे सपाट राहायचं असेल तर दर फेरीला परिघात ६.२८ टाक्यांची भर पडायला हवी. सहा टाके आपण घालतो, वरचे ०.२८ लोकर जराशी ताणून भरून काढते. उंच खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा. आत्यानं भूमितीतला 'पाय' हा शब्द शाळा सुटल्यावर बहुधा कधी उच्चारला नसेल, पण गेली पन्नास वर्षं ती तो सुईनं मोजते आहे.

एकदा हे कळलं की क्रोशाकामाकडे बघायची नजरच बदलते. बाळंतविड्यातलं टोपडं घ्या. सुरुवातीला दर फेरीला सहा टाके वाढवत माथ्याची चकती करायची, मग वाढवणं कमी करत थांबवायचं. परीघ त्रिज्येच्या मानानं मागे पडतो आणि कापड आत वळतं, त्याची वाटी होते. टाके वाढवणं पूर्ण थांबवून विणत राहिलं की नळी होते, म्हणजे मोज्याचा पाय. आणि माझ्यासारखे जास्त वाढवले तर परीघ त्रिज्येच्या पुढे धावतो. त्या जादा लांबीला सपाट पृष्ठावर जागा नसते, म्हणून ती वर-खाली हेलकावे घेते. हीच ती झालर. गणिताच्या भाषेत वाटीची वक्रता धन, सपाट रुमालाची शून्य आणि झालरीची ऋण.

कार्ल फ्रीडरिक गाऊस या जर्मन गणितज्ञानं १८२७ मध्ये एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली: पृष्ठाची ही वक्रता ओळखण्यासाठी त्याच्या बाहेर जाऊन बघावं लागत नाही, पृष्ठावरच अंतरं मोजली तरी ती कळते. एखादी मुंगी माझ्या रुमालावर फिरत राहिली आणि तिनं केंद्रापासूनचं अंतर आणि फेरीतले टाके मोजले, तर खाली न उतरता तिला रुमाल बिघडल्याचं कळेल. आत्या तरी दुसरं काय करते? ती टाके मोजते.

या झालरीमागे गणिताचा मोठा इतिहास आहे. युक्लिडच्या भूमितीत एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर एकच रेषा जाते. हे बाकीच्या गृहीतकांवरून सिद्ध करण्यासाठी गणितज्ञ दोन हजार वर्षं झटले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियाचे लोबाचेव्हस्की आणि हंगेरीचे बोल्याय यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अशा अनेक समांतर रेषा मानल्या तरी भूमिती मोडत नाही, फक्त वेगळी होते. तिला अपास्तीय भूमिती म्हणतात; ती ऋण वक्रतेच्या, म्हणजे झालरीसारख्या पृष्ठावरची भूमिती. तिथं त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. कागदावर हे मांडता येतं, पण डोळ्यांसमोर आणणं अवघड. विल्यम थर्स्टन या अमेरिकी गणितज्ञानं कागदाच्या वक्र पट्ट्या चिकटवून तिचा नमुना केला, पण तो हाताळताना फाटायचा.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना टायमिना यांनी हा कागदी नमुना पाहिला. त्या लाटव्हियाच्या, विणकाम आणि क्रोशा लहानपणापासून हातात बसलेला. टिकाऊ नमुना हवा तर तो विणायलाच हवा, हे त्यांच्या लक्षात आलं. कृती कोणत्याही बाईला फोनवर सांगता येईल इतकी सोपी: ठरावीक टाके घाला, मग एका टाक्यात दोन, आणि हे प्रमाण प्रत्येक ओळीत तेच ठेवा. हा 'तेच प्रमाण' भाग महत्त्वाचा. मी दर फेरीला आठ-आठ वाढवत होतो, ती बेरीज होती. टायमिनांच्या कृतीत गुणाकार आहे, म्हणून झालर कुठूनही पाहिली तरी सारखीच वळलेली असते. हा नमुना फाटत नाही, घडी घालता येतो, आणि घडीची रेघ म्हणजेच त्या पृष्ठावरची सरळ रेषा. वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं तिच्यावर धावदोरा घातला की एका बिंदूतून जाणाऱ्या, पहिल्या रेषेला कधीच न भेटणाऱ्या तीन-चार रेषा विद्यार्थ्यांना बोटांनी चाचपता येतात. या विषयावरचं त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं आणि ब्रिटनमध्ये वर्षातल्या सर्वांत विचित्र शीर्षकासाठी दिलं जाणारं डायग्राम पारितोषिक त्याला मिळालं. पुढे अमेरिकेच्या गणित संघटनेनं त्याच पुस्तकाला ऑयलर पारितोषिकही दिलं, हे मला जास्त आवडतं.

झालर पाहण्यासाठी विद्यापीठात जायला नको. अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचा तुरा पाहा, भाजीवाल्याकडचं लेट्यूस पाहा. पानाची कड मधल्या भागापेक्षा वेगानं वाढली की तिला सपाट राहणं शक्यच नसतं. पातळ प्लास्टिकची पिशवी हळूहळू ओढून फाडा. फाटलेली कड ताणून लांब झालेली असते, म्हणून तिलाही लाटा येतात. समुद्रातल्या कित्येक प्रवाळांची आणि समुद्री गोगलगायींची चुणीदार अंगं याच भूमितीची. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये क्रोशाचे प्रवाळ विणायला घेतले. त्यांच्या हाकेला ओ देऊन जगभरातल्या हजारो हातांनी त्यात भर घातली.

ब्रिस्टल विद्यापीठात हिंके ओसिंगा आणि बेर्न्ड क्राउसकॉफ यांनी तर हवामानाच्या गणितातून निघालेलं एक गुंतागुंतीचं पृष्ठ संगणकाकडून मोजून घेतलं आणि ओसिंगांनी ते क्रोशानं विणलं. टाके २५,५११, वेळ सुमारे ८५ तास. संगणकाच्या पडद्यावर जे नीट उमगत नव्हतं ते हातात आलं.

हे सगळं क्रोशातच का, दोन सुयांच्या विणकामात का नाही? टायमिनांनी आधी तेही करून पाहिलं होतं. विणकामात ओळीतला प्रत्येक टाका सुईवर जिवंत असतो, त्यामुळे शेकडो टाके झाले की सुई भरून जाते. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो, बाकीचे बंद झालेले, म्हणून हवं तिकडे वळता येतं. विणकामाची खुबी दुसरीकडे आहे. स्वेटरची लोकर फारशी ताणत नाही, तरी स्वेटर ताणतो. धाग्याची लांबी तीच राहते, फक्त फासे आडवे-उभे होतात. एक सुलट एक उलट घातलं की सुलट टाक्यांच्या उभ्या रांगा पुढे येतात, उलट मागे जातात आणि कापड पंख्यासारखं आक्रसतं. मनगटाला आणि गळ्याला तीच वीण का घालतात, ते यावरून कळतं.

दोन्हींमध्ये मला सर्वांत आवडते ती उसवण्याची सोय. शेवटचा फास सोडून दोरा ओढत राहिलं की चार दिवसांचं काम दहा मिनिटांत पुन्हा गुंड्यात. आतले टाके म्हणजे गाठी नव्हेत, एकमेकांत अडकवलेले फासे असतात. उसवलेली लोकर मात्र कुरळी निघते. मेंढीची खरी लोकर केराटिनची, म्हणजे आपल्या केसांच्याच जातीची. ओली केली की तिच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून जुन्या बायका लडी पाण्यात भिजवून खाली वजन लावून वाळत घालत. आपल्या घरांत बहुतेकदा अॅक्रिलिकच असतं. ते पाण्याला दाद देत नाही, वाफेनं मऊ पडतं, आणि इस्त्री जास्त झाली तर कायमचं लुळं होतं.

विणल्यानं मन शांत होतं का? २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका संशोधनपत्रिकेत ३,५४५ विणकऱ्यांच्या सर्वेक्षणाचा लेख आला. जास्त वेळा विणणाऱ्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त सांगितलं होतं. अर्थात, उत्तरं देणारे मुळातच विणकामाचे वेडे. माझ्यापुरतं सांगायचं तर रात्री पाय ठणकत असताना टाके मोजायला लागलो की ठणका मोजायचा राहून जायचा.

प्लास्टर निघायच्या आठवड्यात टायमिनांची कृती करून पाहिली, जरा हावरटपणे, प्रत्येक टाक्यात दोन. सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव, एकशे ब्याण्णव. गुलाबाच्या कळीसारखं काहीतरी घट्ट, चुणीदार हातात तयार झालं. सातव्या फेरीला ३८४ टाके हवे होते आणि लोकर संपत आली. आत्याकडे आणखी मागितली.

"किती लागेल?"

हिशोब केला. आधीच्या सहा फेऱ्यांचे मिळून ३७८ होत होते. "आतापर्यंत गेली तेवढी. त्याहून थोडी जास्तच."

"आणि त्याच्या पुढच्या फेरीला?"

मी गप्प बसलो. आत्यानं माझ्या हातातून कळी घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि दोरा तोडून टोक आत लपवलं. आता ती तिच्या पर्सच्या चेनला लटकते.