गावठाणाची मोजणी : घराची हद्द आपणच दाखवावी

शेताचा बांध कोणी वीतभर कोरला तरी आपण सातबारा घेऊन मोजणीला धावतो. पण राहत्या घराच्या जागेचा कागद दाखवा म्हटले, की बहुतेक घरांतून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे येतो. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. घराची नोंद कोणाच्या नावे आहे हे त्यावरून कळते. जागेची मालकी त्याने सिद्ध होत नाही.

याचे मूळ जुने आहे. आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, 1835-36 साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी मोजणी-जमाबंदीची जी पद्धत बसविली, ती शेतसारा ठरविण्यासाठी होती. गावठाणातील घरांवर शेतसारा नव्हता. त्यामुळे गावाच्या नकाशात गावठाण एकच तुकडा म्हणून राहिले. पुढे काही मोठ्या गावांचे नगर भूमापन झाले, पण बाकीच्या गावांत घराघराची हद्द कागदावर आली नाही.

ड्रोन काय करतो?

ही उणीव भरून काढण्याचे काम आता चालू आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनने प्रायोगिक मोजणी झाली. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने देशभरासाठी ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग मिळून हे काम करतात. मोजणीआधी घरांच्या हद्दीवर चुना टाकतात. ड्रोन वरून छायाचित्रे घेतो, त्यांवरून संगणकावर नकाशा तयार होतो. नंतर कर्मचारी जागेवर पडताळणी करतात, हक्क चौकशी होते आणि मिळकत पत्रिका बनते. 18 जानेवारी 2025 रोजी एकाच दिवशी अनेक राज्यांतील मिळून 65 लाखांहून अधिक पत्रिकांचे वाटप झाले.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ड्रोनला छप्पर दिसते, हक्क दिसत नाही. वरून पाहिले तर घराची कड वळचणीपाशी दिसते. भिंतीचा पाया दोन हात आत असतो. सामाईक भिंत कोणाची, बोळातून कोणाची वहिवाट, हे माणसांनीच सांगावे लागते. झाडाखालची हद्दही वरून दिसत नाही.

शिक्रापूरसारख्या गावांत

शिक्रापूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. चाकणचा रस्ता येथेच मिळतो. सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने जवळ आहेत. अशा ठिकाणी खेड्याचे नगर होण्यास वेळ लागत नाही. गटारीचा उतार कोणीकडे द्यावा, जलवाहिनी कोठून न्यावी, रुग्णवाहिका कोणत्या बोळातून जाईल, हे ठरविण्यासाठी खरा नकाशा हाती हवा. नकाशा नसला की ज्याने ओटा पुढे घेतला त्याचे फावते आणि रस्ता अरुंद होतो.

मात्र गावठाणाची ही मोजणी गावठाणापुरतीच आहे. रस्त्याकडेचे गाळे, चाळी, गुंठ्यांनी घेतलेले प्लॉट हे बहुधा गट नंबरांत येतात. तेथे सातबारा, अकृषिक वापर आणि बांधकाम परवानगी हेच पाहावे लागते. प्लॉट घेण्यापूर्वी त्यावर रस्त्याचे वा अन्य आरक्षण आहे काय, हे नियोजन प्राधिकरणाकडे विचारून घ्यावे.

आपण काय करावे?

1. मोजणीची दवंडी वा नोटीस आली की घरातील जाणत्या माणसाने त्या दिवशी घरी थांबावे.

2. शेजाऱ्याला बोलावून दोघांच्या संमतीने चुना टाकावा. वाद असल्यास तो आधी पंचांसमोर मिटवावा.

3. खरेदीखत, वाटणीपत्र, वारस नोंदी व जुने उतारे एका पिशवीत तयार ठेवावेत.

4. आई, बहीण, विधवा भावजय यांचे हक्क असतील तर चौकशीच्या वेळीच सांगावेत. मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत हक्क आहे.

5. सार्वजनिक विहीर, तालीम, चावडी आणि स्मशानाची वाट नकाशात आली काय, हे ग्रामसभेत पाहावे.

6. पत्रिका हाती येताच नाव, क्षेत्रफळ व चतुःसीमा वाचाव्यात. चूक दिसल्यास मुदतीत तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

ज्या गावांची मोजणी पूर्वीच झाली, तेथील कुटुंबांनीही आपली पत्रिका एकदा काढून पाहावी. आजोबांच्या नावावरच नोंद राहिली असेल, तर वारस नोंद करून घ्यावी. पत्रिकेवर नाव नसताना घरावर कर्ज मागायला गेले, तर अडचण येणारच.

शेताची हद्द बांध सांगतो. घराची हद्द आजवर शेजाऱ्याच्या शब्दावर चालली. तो शब्द देणारी म्हातारी माणसे गावात आहेत, तोवरच त्यांना सोबत घेऊन हद्दी कागदावर आणाव्यात. पुढच्या पिढीची कोर्टकचेरी वाचेल.